ग्रंथपाल आणि भारतीय साहित्याची मांडणी : बी. एस. केशवन यांची कोलकात्यातील कारकीर्द

१

भारतीय तौलनिक साहित्याभ्यासाचा इतिहास लिहिताना विद्यापीठीय विभाग, त्यांचे संस्थापक आणि त्यांनी घडविलेली अभ्यासपत्रिका यांचा उल्लेख नेहमी होतो. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये सुरू झालेला तौलनिक साहित्य विभाग हा या इतिहासाचा आरंभबिंदू मानला जातो, आणि ते योग्यही आहे. मात्र त्याच शहरात, त्याच काही वर्षांत, साहित्याच्या तुलनेसाठी तितकेच मूलभूत असे आणखी एक काम उभे राहात होते. ते अलीपूरच्या बेल्व्हेडिअर प्रासादात, राष्ट्रीय ग्रंथालयात चालले होते. भारतातील सर्व प्रमुख भाषांतील नव्या पुस्तकांची एकत्रित नोंद करावयाची, ती एका लिपीत मांडावयाची आणि एकाच वर्गीकरणाच्या सूत्रात ओवावयाची, असे त्या कामाचे स्वरूप होते. त्याचे सूत्रधार होते बेल्लारी शामण्णा केशवन (१९०९–२०००).

कालक्रम पाहिला तर हा योगायोग ठळक होतो. १२ मार्च १९५४ रोजी साहित्य अकादमीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास पाठविण्याचे बंधन घालणारा ग्रंथ प्रदान कायदा संमत झाला. १९५६ मध्ये जादवपूरचा विभाग आला. १९५७ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीच्या नोंदींपासून ‘इंडियन नॅशनल बिब्लिऑग्राफी’ म्हणजे भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची सुरू झाली. ‘भारतीय साहित्य’ ही कल्पना चार वर्षांच्या आत अकादमी, कायदा, विद्यापीठ आणि ग्रंथसूची अशा चार ठिकाणी संस्थारूपाने उभी राहिली. पहिल्या तिन्हींची चर्चा साहित्यसमीक्षेत वारंवार होते. चौथीकडे मात्र केवळ तांत्रिक साधन म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे आणि सूची हीच साहित्याविषयीची एक भूमिका असते, हे केशवन यांच्या कारकिर्दीच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

केशवन ज्या आसनावर बसले, त्याची परंपरा समजून घेणे आवश्यक आहे. कोलकात्यात १८३६ मध्ये कॅलकटा पब्लिक लायब्ररी स्थापन झाली. फोर्ट विल्यम कॉलेजच्या संग्रहातील काही हजार ग्रंथ आरंभीच तिच्याकडे आले. बंगाली कादंबरीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले प्यारीचाँद मित्र हे तिचे ग्रंथपाल होते. सचिवालयातील विविध ग्रंथालये एकत्र करून १८९१ मध्ये इंपीरियल लायब्ररी निर्माण झाली, आणि लॉर्ड कर्झनने या दोहोंचे एकीकरण करून ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिचे पहिले ग्रंथपाल जॉन मॅकफार्लेन हे होते. त्यांच्यानंतर १९०७ मध्ये हरिनाथ दे या पदावर आले. या पदावरील ते पहिले भारतीय. चौतीस भाषा जाणणारा विद्वान म्हणून त्यांची ख्याती होती. १९११ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या संग्रहाला विशेष अर्थ आहे. मराठी मुद्रणाचे आरंभीचे पर्व महाराष्ट्राबाहेर, कोलकात्याजवळच्या श्रीरामपूर येथे घडले. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. पंडित वैजनाथ हे या कामात त्यांचे साहाय्यक होते. ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘रघुजी भोसल्याची वंशावळी’ ही गद्य पुस्तके पुढील दशकात मोडी टंकात छापली गेली. अर्थात मराठीचा पहिला मुद्रित वाचक घडविण्याची खटपट बंगालमधून झाली होती, आणि दीडशे वर्षांनी मराठी पुस्तकांची राष्ट्रीय नोंदही बंगालमधूनच होऊ लागली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि मराठी ग्रंथाचा इतिहास केवळ मुंबई–पुण्याच्या अक्षावर लिहिता येत नाही, हे दोन्हींवरून सारखेच सिद्ध होते.

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या देणगीसंग्रहांतही हा धागा दिसतो. सर आशुतोष मुखर्जी यांचा सुमारे ८०,००० ग्रंथांचा संग्रह १९४९ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी ग्रंथालयास दिला, ही घटना सुपरिचित आहे. त्याबरोबर सर जदुनाथ सरकार आणि डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांचे संग्रहही येथे आले. मराठ्यांच्या इतिहासाचे हे दोन बंगाली अभ्यासक मराठी साधने मुळातून वाचत. त्यांच्या वैयक्तिक ग्रंथसंग्रहांनी मराठी इतिहासलेखनाचा एक तुकडा कोलकात्यात कायमचा जतन केला.

३

ग्रंथपालनाच्या औपचारिक शिक्षणाचा भारतातील आरंभ कोलकात्यात झाला नाही. तो बडोद्यास झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण केले आणि त्यांनी लौकरच प्रशिक्षणवर्ग सुरू केला. १९१२ पासून निघू लागलेले ‘लायब्ररी मिसलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. ग्रंथपालनाची चर्चा देशी भाषांतून होऊ शकते, हा विश्वास त्यात गृहीत धरलेला होता. पुढील काळात हा विश्वास क्षीण होत गेला, याची नोंद आवश्यक आहे.

१९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन यांचा वर्ग सुरू झाला. १९२९ मध्ये मद्रासला एस. आर. रंगनाथन यांनी अध्यापनास आरंभ केला. डिकिन्सन यांचे विद्यार्थी के. एम. असदुल्ला १९३० मध्ये इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी तेथे प्रशिक्षणवर्ग चालविला. १९३३ च्या सप्टेंबरात कोलकात्यात भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत भारतीय ग्रंथालय संघाची स्थापना झाली, तिचे पहिले कार्यवाहही असदुल्लाच होते. बंगाल ग्रंथालय संघाने (स्थापना १९२५, पहिले अध्यक्ष रवींद्रनाथ ठाकूर) १९३७ पासून आपला स्वतंत्र अभ्यासक्रम चालविला. विद्यापीठीय पदविका १९४० च्या दशकात मुंबई आणि कोलकाता या दोन्ही विद्यापीठांत जवळजवळ एकाच वेळी आली. जादवपूर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग १९६४ मध्ये सुरू झाला.

या तपशिलांपेक्षाही बंगालमधील ग्रंथपालनाचे नेतृत्व करणाऱ्यांची घडण अधिक महत्त्वाची आहे. ‘बाङालीर इतिहास’ लिहिणारे नीहाररंजन राय यांनी लंडनहून ग्रंथपालनाची पदविका घेतली होती आणि ते कोलकाता विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. रवींद्रनाथांचे चरित्रकार प्रभातकुमार मुखोपाध्याय हे विश्वभारतीचे ग्रंथपाल. त्यांनी दशांश वर्गीकरणाचे बंगाली रूप सिद्ध केले. रवींद्रनाथांनी १९२८ च्या कोलकाता परिषदेसाठी ग्रंथालयाच्या मुख्य कर्तव्याविषयी केलेल्या भाषणात ग्रंथपालाची भूमिका राखणदाराची नसून यजमानाची आहे, असा विचार मांडला. या परंपरेत ग्रंथपाल हा प्रथम साहित्याचा, भाषेचा किंवा इतिहासाचा जाणकार होता. तंत्र त्याने त्या जाणकारीच्या सेवेसाठी आत्मसात केले. रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांनी ग्रंथपालनास तर्कशुद्ध शास्त्राची बैठक दिली. भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणात या दोन घराण्यांचा संगम व्हावयास हवा होता. तो कितपत झाला, हा प्रश्न पुढे विचारावा लागेल.

४

केशवन हे निःसंशय पहिल्या घराण्यातले. १० मे १९०९ रोजी मद्रासच्या मैलापूर भागात त्यांचा जन्म झाला. म्हैसूर येथे त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. लंडन येथे इंग्रजी साहित्य आणि ग्रंथपालन या दोन्हींचे शिक्षण घेतले. केंद्र शासनाच्या शिक्षण खात्यातील सेवेनंतर १९४७ मध्ये ते इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले. फाळणीनंतर असदुल्ला पाकिस्तानात गेले होते. देशाच्या विभागणीने ग्रंथपालपदावरील व्यक्तीही बदलली. ज्या संस्थेचे नावच साम्राज्याचे होते, ती संस्था प्रजासत्ताकाची करण्याचे काम नव्या ग्रंथपालाकडे आले.

१९४८ च्या कायद्याने ‘इंपीरियल लायब्ररी’चे ‘नॅशनल लायब्ररी’ झाले. नामांतर हे सोपे काम होते. ग्रंथसंग्रह मेटकाफ हॉलमधून १९२३ मध्ये एस्प्लनेडला आणि दुसऱ्या महायुद्धात जबाकुसुम हाउसमध्ये हलविला गेला होता. त्यास कायमचे घर हवे होते. एके काळी बंगालच्या नायब गव्हर्नरांचे निवासस्थान असलेला बेल्व्हेडिअर प्रासाद त्यासाठी मिळाला. १ फेब्रुवारी १९५३ रोजी शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते ग्रंथालय तेथे जनतेसाठी खुले झाले. नृत्यकक्षाचे वाचनकक्षात झालेले रूपांतर हे त्या काळाचे सुंदर प्रतीक म्हणून अनेकदा सांगितले जाते. परंतु केशवन यांच्या दृष्टीने इमारतीपेक्षा तिच्यात काय यावे आणि आलेल्याची नोंद कशी व्हावी, हा प्रश्न मोठा होता. इंपीरियल लायब्ररीचा कणा इंग्रजी ग्रंथांचा होता. राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत्येक भारतीय भाषेस स्वतंत्र विभाग, त्या भाषेचा जाणकार सेवकवर्ग आणि नियमित ग्रंथप्राप्ती यांची आवश्यकता होती. भाषाविभागांची वाढ हे त्यांच्या कारकिर्दीचे मोठे फलित मानले पाहिजे.

१९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६१ मध्ये ‘इंडियाज नॅशनल लायब्ररी’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते दिल्लीला गेल्यानंतर राष्ट्रीय ग्रंथालयाची धुरा वाय. एम. मुळे यांच्याकडे आली. हरिनाथ दे यांच्या वारशाचा हा बहुभाषिक प्रवाह पुढेही टिकला. बंगालीचे आणि तौलनिक भारतीय साहित्याचे अभ्यासक रवींद्रकुमार दासगुप्त यांनीही कालांतराने या ग्रंथालयाचे संचालकपद भूषविले.

५

ग्रंथांची नोंद ही ब्रिटिश राजवटीत प्रांतनिहाय होत असे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार प्रत्येक प्रांत आपल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या काढी. त्या याद्यांमागील दृष्टी बरीचशी देखरेखीची होती. आजच्या संशोधकास त्या अमूल्य वाटतात, पण त्यांतून ‘मराठी साहित्य’ एकत्र दिसत नाही. मुंबई, मध्यप्रांत, वऱ्हाड, निजामचे राज्य आणि बडोदे यांतील मराठी पुस्तके वेगवेगळ्या दप्तरांत विखुरली. मग ‘भारतीय साहित्य’ त्यांतून कोठून दिसणार?

१९५४ च्या कायद्याने ही चौकट बदलली. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्यास आणि एकेक प्रत अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांस पाठवावी, असा नियम झाला. मुंबई, मद्रास आणि दिल्ली येथील ग्रंथालये त्यासाठी ठरविण्यात आली. १९५६ मध्ये वृत्तपत्रांचाही समावेश झाला. कायदा मोडणाऱ्यास कमाल पन्नास रुपये दंड आणि पुस्तकाची किंमत, एवढीच शिक्षा होती. या किरकोळ दंडाने कायद्याची मर्यादा आरंभीच निश्चित केली. लहान गावातील प्रकाशक, स्वतःचा कवितासंग्रह स्वतः छापणारा कवी, मठ किंवा संस्थानाची प्रकाशने यांना या कायद्याची माहितीही असेलच असे नव्हते. त्यामुळे कोलकात्यास जे पोहोचले तेच ‘राष्ट्रीय’ झाले आणि जे पोहोचले नाही ते नोंदीबाहेर राहिले. ग्रंथसूचीतील अनुपस्थितीस साहित्यातील अनुपस्थिती समजण्याची चूक अभ्यासकाने टाळली पाहिजे.

आलेल्या ग्रंथांची सूची करण्यासाठी ग्रंथालयाच्याच परिसरात १९५५ मध्ये मध्यवर्ती संदर्भ ग्रंथालय स्थापन झाले. सूचीत इंग्रजीसह चौदा भाषा होत्या : असमिया, बंगाली, इंग्रजी, गुजराती, हिंदी, कन्नड, मलयाळम, मराठी, ओडिया, पंजाबी, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. कोकणी त्या यादीत नव्हती. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला १९९२ मध्ये स्थान मिळाले. सूचीची भाषायादी ही त्या त्या काळच्या भाषिक राजकारणाचीही यादी असते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

पहिला निर्णय लिपीचा होता. चौदा भाषांच्या नोंदी आपापल्या लिपीत ठेवल्या, तर त्यांचा एकच अनुक्रम लावता येत नाही. म्हणून स्वरचिन्हयुक्त रोमन लिपी स्वीकारण्यात आली आणि एकेका भाषेच्या स्वतंत्र पुस्तिका त्या त्या लिपीत काढण्याची योजना ठेवण्यात आली. या निर्णयामुळे तमिळ वाचकास मराठी शीर्षक उच्चारता येऊ लागले, आणि हा लाभ लहान नव्हता. हानी अशी की देवनागरी वाचणाऱ्या सामान्य मराठी वाचकास आपल्याच भाषेची सूची परकी झाली. शिवाय लिप्यंतर अक्षराचे होते, उच्चाराचे नव्हते. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतील दोन वेगळे ‘च’ रोमन नोंदीत एकच होतात. अर्थात ते देवनागरीतही एकच असतात. पण मराठी वाचकाच्या कानाने भरून काढलेली ही उणीव परभाषिक वाचकास भरून काढता येत नाही.

दुसरा प्रश्न व्यक्तिनामांचा. पाश्चात्त्य सूचीनियम आडनावावर उभे आहेत. केशवसुत, कुसुमाग्रज, गोविंदाग्रज ही नावे कोठे नोंदवावयाची? ज्ञानेश्वरांना आडनावाखाली शोधावयाचे काय? तमिळ लेखकाच्या नावातील आद्याक्षर वडिलांचे असते आणि उर्दू कवीचे तखल्लुस हेच त्याचे नाव असते. १९६१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय सूचीकरण परिषदेत भारतीय नावांचा प्रश्न चर्चिला गेला. कोलकात्यातील सूचीकारांना तो दररोज टेबलावर सोडवावा लागत होता. लेखकत्वाची कल्पना भाषागणिक कशी बदलते, याचा तौलनिक अभ्यास येथे नकळत घडत होता.

६

तिसरा आणि साहित्याभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय वर्गीकरणाचा. राष्ट्रीय ग्रंथसूचीची मांडणी मेल्विल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीनुसार झाली, आणि प्रत्येक नोंदीखाली रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीचा वर्गांकही देण्यात आला. या दुहेरीकरणाकडे तडजोड म्हणून पाहता येईल. पण त्यात एक वैचारिक संपत्ती दडली आहे. एकाच पुस्तकाचे दोन पत्ते मिळाल्यामुळे, साहित्याच्या दोन नकाशांची तुलना तेथल्या तेथे करता येते.

ड्यूईच्या नकाशात आधुनिक भारतीय आर्यभाषांचे साहित्य ८९१.४ खाली येते : हिंदी ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६, गुजराती ८९१.४७. द्राविडी भाषा ८९४.८ खाली असून तमिळ ८९४.८११ आणि कन्नड ८९४.८१४ आहे. हे क्रमांक भाषाकुलांवर आधारलेले आहेत. परिणामी मराठीच्या कपाटापासून कन्नडच्या कपाटापर्यंत जावयाचे तर वाटेत फारसी, रशियन, अरबी, तुर्की आणि फिनिश ही सारी साहित्ये ओलांडावी लागतात. पंढरपूरच्या विठ्ठलाचा कर्नाटकाशी असलेला संबंध रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात सविस्तर मांडला. सीमाभागातील द्वैभाषिक व्यवहार तर रोजचा आहे. वर्गांकाच्या अंकगणितात मात्र मराठी–कन्नड हे शेजारी नाहीत. भारतीयांच्या इंग्रजी लेखनाची गत आणखी वेगळी. म्हैसूरच्या आर. के. नारायण यांची कादंबरी ८२३ खाली, डिकन्सच्या पंक्तीला जाते.

याच नकाशाची दुसरी बाजू अधिक फलदायी आहे. ड्यूईच्या नियमाप्रमाणे साहित्यकृतीचा अनुवाद मूळ भाषेच्या साहित्यात वर्गीकृत होतो. म्हणजे शरच्चंद्रांच्या कादंबरीचा मराठी, हिंदी, मलयाळम किंवा गुजराती अनुवाद बंगाली कादंबरीच्या क्रमांकाखाली, मूळ कृतीजवळ येतो. वर्षावर्षाचे खंड या दृष्टीने चाळले तर कोणता बंगाली लेखक कोणत्या भाषेत केव्हा पोहोचला, याचा आलेख सिद्ध रूपात हाती येतो. स्वीकारशास्त्राच्या अभ्यासकास याहून अधिक उपयुक्त साधन क्वचित मिळेल. तथापि या मांडणीत मराठीत अनुवादित झालेले पुस्तक ‘मराठी साहित्या’त मोजले जात नाही. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले. ते शरच्चंद्र मराठी कादंबरीच्या वाचकाची घडण करणारे ठरले. ग्रंथसूचीच्या दृष्टीने मात्र ते बंगालीच राहतात. अनुवाद कोणाचा, देणाऱ्या भाषेचा की घेणाऱ्या, हा अनुवादविद्येतील मूलभूत प्रश्न सूचीकाराने एका क्रमांकाने निकालात काढलेला असतो.

द्विबिंदू पद्धतीत साहित्याचा वर्गांक भाषा, साहित्यप्रकार, लेखक आणि कृती या क्रमाने घडतो, आणि लेखकाची खूण त्याच्या जन्मवर्षावरून ठरते. एकोणिसाव्या शतकासाठी ‘एम’ हे अक्षर असल्यामुळे रवींद्रनाथ (जन्म १८६१) ‘एम ६१’ होतात आणि हरि नारायण आपटे (जन्म १८६४) ‘एम ६४’. वि. स. खांडेकर आणि ताराशंकर बंद्योपाध्याय या दोघांचा जन्म १८९८ चा. दोघांची खूण एकच, ‘एम ९८’. दोघांच्या वर्गांकांत फक्त भाषेचा अंक वेगळा उरतो, कादंबरी हा प्रकार आणि पिढी समान राहते. दोघांनाही ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ताराशंकरांना १९६६ सालचा आणि खांडेकरांना १९७४ सालचा. समकालीन लेखकांना भाषांच्या भिंती ओलांडून एका पिढीत पाहण्याची ही दृष्टी साहित्येतिहासकारांना फार उशिरा सुचली. एका गणितज्ञाच्या वर्गांकात ती आधीच अंतर्भूत होती.

७

राष्ट्रीय ग्रंथसूची ही चालू प्रकाशनांची नोंद. मागील ग्रंथांसाठी साहित्य अकादमीने ‘नॅशनल बिब्लिऑग्राफी ऑफ इंडियन लिटरेचर : १९०१–१९५३’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याचे प्रधान संपादकत्व केशवन यांच्याकडे होते, आणि त्यांच्या संपादक सहकाऱ्यांत व्ही. वाय. कुलकर्णी हे होते. चार खंड १९६२ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीचा समावेश ओडिया, पंजाबी आणि संस्कृतसह तिसऱ्या खंडात झाला. येथे लिपी पुन्हा रोमनच, मात्र मांडणी भाषावार. त्यामुळे अनुवादाचे घर बदलते : जो अनुवाद राष्ट्रीय ग्रंथसूचीत मूळ भाषेकडे जातो, तो या सूचीत अनुवादाच्या भाषेत आढळतो. एकाच संपादकाच्या देखरेखीखाली निघालेल्या या दोन सूचींत ‘भारतीय साहित्य’ या पदाचे दोन अर्थ शेजारी उभे आहेत. पहिल्यात विषयांच्या सूत्राने बांधलेले एकत्र ग्रंथविश्व आहे, तर दुसऱ्यात स्वायत्त भाषासाहित्यांची बेरीज. तौलनिक साहित्याच्या भारतीय चर्चेतील ‘एक साहित्य, अनेक भाषा’ विरुद्ध ‘अनेक साहित्ये’ हा वाद सूचींच्या रचनेत असा आधीच मूर्त झाला होता.

याच काळात महाराष्ट्रात शंकर गणेश दाते यांचे काम चालू होते. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० ची १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. दाते यांच्या पाठीशी कायदा नव्हता, प्रासाद नव्हता, सेवकवर्ग नव्हता. कोलकात्यास पुस्तके टपालाने येत. दाते पुस्तकांकडे स्वतः जात. म्हणून ज्या लहानसहान पुस्तिका राष्ट्रीय नोंदीत येण्याची शक्यता अल्प, त्या त्यांच्या सूचीत भेटतात. उलट दाते यांच्या सूचीत मराठीबाहेरचे जग दिसत नाही आणि तो त्यांचा हेतूही नव्हता. संशोधकाने या दोहोंत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. एकीची खोली आणि दुसरीचा विस्तार एकमेकींस तपासतात.

८

केशवन १९६३ मध्ये दिल्लीस इन्सडॉक या वैज्ञानिक प्रलेखन केंद्राचे संचालक झाले आणि १९६९ पर्यंत त्या पदावर होते. १९६४ मध्ये तेथे प्रलेखनाचा प्रशिक्षणक्रम सुरू झाला, १९६५ पासून ‘इंडियन सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स’ निघू लागले. बंगलोरला रंगनाथन यांचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र १९६२ मध्येच स्थापन झाले होते. कोलकात्यात १९५५ पासून विशेष ग्रंथालयांचा संघ ‘इयास्लिक’ कार्यरत होता. देशाची गरज आता विज्ञान आणि उद्योग यांच्या माहितीची होती. ग्रंथालयशास्त्राच्या नावास ‘माहितीशास्त्र’ जोडले गेले, ते या प्रवाहातून. साहित्याच्या या जाणकाराने विज्ञानाच्या माहितीव्यवस्थेचे नेतृत्व केले, यात विसंगती नाही. ज्ञानाची मांडणी करणे हेच दोन्हीकडचे काम होते. परंतु शिक्षणक्रमावर झालेला परिणाम दूरगामी ठरला. प्रलेखन, निर्देशन आणि पुढे संगणकीकरण यांना जितके स्थान मिळाले, तितके भाषांच्या ज्ञानास आणि ग्रंथेतिहासास मिळाले नाही. बडोद्याच्या त्रैभाषिक नियतकालिकातील देशी भाषांवरील विश्वासही अभ्यासक्रमांच्या इंग्रजी परिभाषेत मागे पडला.

निवृत्तीनंतर केशवन आपल्या मूळ घराण्याकडे परतले. ‘हिस्टरी ऑफ प्रिंटिंग अँड पब्लिशिंग इन इंडिया’ हा त्यांचा त्रिखंडात्मक इतिहास नॅशनल बुक ट्रस्टने १९८५ ते १९९७ या काळात प्रसिद्ध केला. मुद्रणाच्या इतिहासास ‘सांस्कृतिक पुनर्जागरणाची कथा’ असे उपशीर्षक देणारा हा ग्रंथपाल, आयुष्याच्या अखेरीस, आपण ज्या पुस्तकांच्या नोंदी केल्या त्यांची जन्मकथा सांगत होता. पहिल्या खंडाचा विषय दक्षिणेतील मुद्रणाचा उगम आणि बंगालमधील त्याचा बहर हा आहे, तर तिसऱ्याचा हिंदी प्रदेश. मराठी वाचकास अ. का. प्रियोळकर यांच्या १९५८ च्या मुद्रणविषयक ग्रंथाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. गोव्याच्या मुद्रणापासून निघणारी प्रियोळकरांची वाट आणि केशवन यांची वाट श्रीरामपुरात एकमेकींस भेटतात.

राष्ट्रीय ग्रंथसूचीचे पुढील आयुष्य मात्र निर्वेध नव्हते. त्रैमासिक असलेली सूची मासिक झाली, पण अनुशेष साचत गेला आणि खंड वेळेवर निघेनासे झाले. प्रकाशकांचे असहकार्य, चौदा भाषांतील प्रशिक्षित सूचीकारांची वानवा आणि छपाईतील विलंब ही त्याची कारणे. यांतील मधले कारण मुळात शिक्षणाचे आहे. भाषा जाणणारा सूचीकार पदविकेच्या एका वर्षात घडत नाही. साहित्याच्या विभागांनी त्याला घडविणे हे आपले काम मानले नाही, ग्रंथालयशास्त्राच्या विभागांना ते जमणारे नव्हते. दोन घराण्यांच्या संगमाचा प्रश्न अनुत्तरित राहिला, तो असा.

९

केशवन यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन त्यांनी उभारलेल्या संस्थांच्या यादीवरून करणे हा प्रचलित मार्ग आहे. तौलनिक साहित्याच्या दृष्टीने वेगळी कसोटी लावावी लागते. भारतीय भाषांतील पुस्तके एका पटावर मांडल्यावाचून त्यांची तुलना संभवत नाही. हा पट कोणत्या लिपीचा, कोणत्या क्रमाचा आणि कोणत्या वगळणुकींचा असावा, हे निर्णय कोलकात्यात अलीपूरच्या टेबलांवर घेतले गेले. त्यांतील काही निर्णयांनी भाषांना जवळ आणले, काहींनी शेजाऱ्यांना दूर लोटले. हे सारे निर्णय पुस्तकांच्या माथ्यावर लहान अंकांत लिहिलेले असल्यामुळे समीक्षेच्या नजरेतून निसटले.

आज सूची संगणकाच्या पडद्यावर आहे आणि शोधखिडकीत शब्द टाकताच उत्तर मिळते. त्यामुळे वर्गांक अदृश्य झाला, पण त्याची सत्ता संपली नाही. कोणते पुस्तक उत्तरात येते आणि कोणते येत नाही, हे नोंद करणाऱ्याने नावाचे, लिपीचे आणि विषयाचे काय केले यावरच अवलंबून असते. मराठीच्या अध्यासनांनी दाते यांची सूची, अकादमीचा तिसरा खंड आणि राष्ट्रीय ग्रंथसूचीचे आरंभीचे वार्षिक खंड एकत्र ठेवून एखाद्या दशकापुरता जरी पडताळा घेतला, तरी मराठीत आलेल्या आणि मराठीतून गेलेल्या अनुवादांचा विश्वसनीय आराखडा सिद्ध होईल. सामग्री छापील रूपात उपलब्ध आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यास सूची वाचावयास आणि ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास भाषा वाचावयास शिकविणारा अभ्यासक्रम, ही त्यासाठीची पूर्वअट आहे. इंग्रजीचा प्राध्यापक ग्रंथपाल झाला आणि अखेरीस मुद्रणाचा इतिहासकार ठरला, त्या कारकिर्दीचा ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणास मिळणारा धडा हाच होय.